छपरावरचे पाणी: माळवद, चुना आणि कोबा

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या दोन बाजूंचा पाऊस सारखा नाही, म्हणून छपरेही सारखी नव्हती. रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, तर सोलापूर जिल्ह्यात सरासरी ५००-६०० मिलिमीटर. त्यामुळे कोकणातले घर डोक्यावर उतरते छप्पर घेऊन उभे राहिले आणि सोलापूर, मराठवाडा, खानदेशातले घर सपाट माळवदाखाली वसले. ज्या गावच्या पावसाला जे छप्पर पुरेल तेच तिथल्या सुताराला आणि गवंड्याला येत होते. विसाव्या शतकात सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आला आणि ही वाटणी मोडली. मुंबईत चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तरी तिथे छप्पर सपाट झाले. सोलापूरच्या पावसाला शोभणारा आकार कोकणच्या पावसात आणून ठेवला गेला. मुंबईच्या इमारती गेली कित्येक दशके गळत आहेत, त्याची सुरुवात इथे आहे.

सपाट छप्पर मुळात वाईट नव्हते. माळवद हे तर फार विचारपूर्वक केलेले काम होते. भिंतींवर जाड तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यावर लाकडाच्या किलच्या दाटीने बसवलेल्या, त्यावर पाल्याचा थर, मग चिखल आणि सगळ्यांत वर मातीचे जाड पांघरूण. ही वरची माती कुठलीही चालत नसे. काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून ती टाळायची. त्यासाठी पांढरी किंवा खारी माती लागे. खाऱ्या मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. अशी चिकणमाती भिजली की तिचे कण सुटे होतात, फुगतात आणि आपल्याच अंगातली बारीक छिद्रे बुजवून टाकतात. पहिली सर येऊन गेली की वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि पुढचे पाणी आत न मुरता पन्हळीकडे वाहू लागते. खानदेशातल्या शेतकऱ्याला सोडियमचे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण कोणत्या खाणीतली खारी माळवदावर टाकायची आणि कोणती नाही, हे त्याला चोख कळत होते.

पाऊस लांबला की माळवदाखालच्या घरात कामे निघत. उजेडासाठी ठेवलेले साणे झाकायचे. कुठे ठिपका दिसला की वर चढायचे, तिथली माती पायाने दाबायची, मूठभर खारी पसरायची, उगवलेले गवत मुळासकट उपटायचे. गवताचे मूळ खाली जाते आणि पाण्याला वाट करून देते. उंदराचे बीळ त्याहून वाईट. पन्हळीच्या तोंडाशी कचरा अडकला तर तासाभरात माळवदावर तळे साचे, आणि साचलेले पाणी मातीला झेपत नसे. वाहत्या पाण्यापुढे टिकाव धरणारी माती उभ्या पाण्यापुढे हार मानते.

दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर नवा थर पडे. जुना क्वचितच काढला जाई. वडिलांनी टाकलेल्या मातीवर मुलाने टाकायची, त्यावर नातवाने. छप्पर गळत नसे, पण जड होत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत काही हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर पेललेले, वर्षानुवर्षे वाढत गेलेले मातीचे छप्पर, दोन्ही झोपलेल्या माणसांवर कोसळले. पाणी थांबवण्यासाठी घातलेला थर हा इमारतीच्या अंगावरचा भारही असतो, ही गोष्ट त्या एका पहाटेने जितकी स्पष्ट केली तितकी कोणत्याही पाठ्यपुस्तकाने केली नसेल. वॉटरप्रूफिंगचा इतिहास सांगताना हे वजन बाजूला ठेवता येत नाही. पुढे मुंबईच्या गच्च्यांवर ते पुन्हा भेटते.

सह्याद्रीच्या पश्चिमेला हिशेब सरळ होता. पाण्याला थांबूच द्यायचे नाही. गवत, पेंढा, कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौले, यांतले काहीही असो, उतार चांगला तीव्र आणि वळचण भिंतीपासून बरीच बाहेर. पागोळ्या अंगणात पडाव्यात, भिंतीवर नव्हे. जोते उंच, म्हणजे उसळलेले पाणी कुडाला लागत नाही. वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस ज्या बाजूने येतो तिकडच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे आणि पावसाळा सरला की सोडायचे. आणि दर मे महिन्यात शाकारणी. कौले एकेक उचलून झाडायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची, पुन्हा रचायची. माकडांनी वर्षभरात किती कौले सरकवली ते त्या दिवशी कळे. कोकणातल्या घराच्या वार्षिक खर्चात शाकारणीचा आकडा बियाण्याइतकाच ठरलेला असे. तो पुढच्या वर्षावर कोणी ढकलत नसे, कारण पुढचे वर्ष येण्याआधी जून येणार असतो.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीकाठची चिकणमाती, साच्यात दाबून काढलेले सपाट कौल आणि त्याच्या कडांना एकमेकांत अडकणाऱ्या खाचा. हे मंगळुरी कौल नळीच्या कौलांच्या दुहेरी थराहून हलके होते आणि सहजासहजी सरकत नव्हते. गलबतांनी ते कोकणात, गोव्यात आणि मुंबईत आले. वखारी, गिरण्या, चाळी, रेल्वेची स्थानके, सगळीकडे तांबडी छपरे दिसू लागली. शाकारणी संपली नाही, पण तिचे काम पुष्कळ कमी झाले.

या दोन छपरांच्या जोडीला तिसरी वाट होती, श्रीमंतांची आणि सरकारची. ती म्हणजे चुनेगच्ची. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रात गडावरच्या राजमंदिराच्या भिंती पक्क्या विटांच्या आणि चुन्यात बांधाव्यात असे सांगितले आहे. तिथेच पाण्याची टाकी खोदून पक्की करण्याचाही आग्रह आहे, कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटू शकतात. टाक्यातले पाणी बाहेर जाऊ न देणारा चुना आणि गच्चीवरचे पाणी आत येऊ न देणारा चुना, दोन्हींची जात एकच. तिकोना, लोहगड अशा किल्ल्यांवर चुन्याच्या घाणी अजून पाहायला मिळतात. दगडाने बांधलेला वर्तुळाकार चर, त्यात फिरणारे जड दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी त्या चरात घालून चाक तासन्‌तास फिरवायचे.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. खरी करामत तिची. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. ओल्या जागी त्याला ते नीट जमत नाही. सुरखीतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावली की मिश्रण पाण्यातही घट्ट होते. रोमनांनी हेच विटांची पूड घालून केले होते. इथल्या कारागिरांनी त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, काही ठिकाणी उडदाचे पीठही घातले. साखर चुन्याचे बसणे लांबवते, त्यामुळे ठोकायला वेळ मिळतो. चिकट गरामुळे कमी पाण्यात माल मऊ होतो, आणि जितके पाणी कमी तितकी वाळल्यावर छिद्रे कमी.

पण सगळे साहित्य उत्तम असूनही गच्ची गळू शकत होती. ती टिकायची ठोकण्याने. विटांचे रोडे आणि चुना यांचा थर पसरला की मजूर, बहुतेक बाया, लाकडी चोपण्या घेऊन रांगेत बसत आणि मागे सरकत थर चोपत जात. वरून गूळ-बेलाचे पाणी शिंपडले जाई. दिवसामागून दिवस हेच काम. चुन्याच्या गच्चीसाठी स्वतंत्र भारतात जे मानक लिहिले गेले त्यातही गुळाचे आणि बेलाचे पाणी आहे. चोपणी पृष्ठभागावर आपटून उलट उसळेपर्यंत ठोकत राहावे ही खूणही त्यात आहे. किती दिवस ठोकायचे याचे उत्तर लाकूडच हाताला देई. यंत्राने मोजलेल्या घनतेहून ही कसोटी कमी विश्वासार्ह होती असे मानायचे कारण नाही.

मग सिमेंट आले. १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना सुरू झाला. १९३६ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली. त्याआधीच १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि लोअर परळ भागात कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी उभारल्या होत्या. ३० आणि ४० च्या दशकांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या काठी आर्ट डेको इमारतींच्या रांगा लागल्या. त्या इमारतींच्या खिडक्यांवर सलग धावणारे छज्जे आज शोभेचे वाटतात, पण ते वळचणीचेच काम करत होते. भिंतीवर तिरका पाऊस पडू नये यासाठी घराने काहीतरी पुढे काढले पाहिजे, हे कोकणातले शहाणपण त्या वास्तुरचनाकारांनी काँक्रीटमध्ये उतरवले. नंतरच्या काळात चटई क्षेत्राच्या हव्यासात छज्जे आखडले, कित्येकदा गायबच झाले, आणि उघड्या भिंतींना पावसाचा मारा थेट बसू लागला. मुंबईच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतींची ओल पाहिली की हे नुकसान लक्षात येते.

गच्चीचे काय करायचे हा प्रश्न मात्र छज्ज्याने सुटत नव्हता. काँक्रीटचा स्लॅब उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकसतो, त्याला केसासारख्या चिरा जातात. चुन्याच्या गच्चीचे तंत्र जवळच होते. ठेकेदारांनी विटांचे रोडे तसेच ठेवले आणि चुन्याच्या जागी सिमेंट घातले. मुंबईत ज्याला ब्रिकबॅट कोबा म्हणतात तो असा तयार झाला. जुन्या चुन्याच्या गच्चीच्या कामाला नव्या स्लॅबवर बसवण्याची ही तडजोड फार हुशारीची होती.

चांगला कोबा घालताना पाहणे ही शिकण्यासारखी गोष्ट आहे. आधी स्लॅब तासून, घासून, धुऊन स्वच्छ. भेगा आणि काँक्रीटमधल्या पोकळ्या सिमेंटच्या पातळ घोळाने भरायच्या. मग पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन ठिकठिकाणी ठिय्ये मारायचे, म्हणजे ढाळ पन्हळीकडे साधारण शंभरास एक तरी उतरेल. विटांचे तुकडे आधी पाण्यात बुडवून तृप्त करायचे. कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत राहतो. तुकडे कडेवर उभे, बोटभर फटी ठेवून लावायचे आणि फटीत वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला माल काठोकाठ भरायचा. कठड्याच्या बुंध्याशी काटकोन ठेवायचा नाही. तिथे गोलाई देऊन कोबा कठड्यावर फूटभर चढवायचा, त्याला गवंडी वाटा म्हणतात. शेवटी वरचा थर घोटून, ओला असतानाच दोरी मारून त्यावर चौकोन पाडायचे, म्हणजे चिरा गेल्याच तर त्या रेघांत जातील. मग आळी बांधून पाणी भरायचे आणि ते आठवडाभर तरी हलू द्यायचे नाही. खालच्या घरात छताला ठिपका उमटला नाही तर काम जमले.

यातली सगळ्यांत जास्त चुकवली जाणारी जागा म्हणजे पन्हळीचे तोंड. गच्चीतले सगळे पाणी जिथे गोळा होते, तिथेच पाइप बसवण्यासाठी स्लॅब फोडलेला असतो, आणि तिथला माल सगळ्यात शेवटी, घाईत भरला जातो. घरात हीच गत नहाणी ट्रॅपची. मोरी किंवा न्हाणीघराचा स्लॅब खाली दबवून त्यात कोबा घालतात, आणि नंतर प्लंबर येऊन पाइपसाठी तोच कोबा छिन्नीने फोडतो. पाइप आधी, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून चाचणी, आणि फरशी शेवटी. क्रम एवढाच आहे. तो उलटा झाला की वरच्या घरातल्या अंघोळीचे पाणी खालच्या घराच्या छताला येते आणि दोन कुटुंबांत वर्षानुवर्षांचे वैर लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाची आणि त्याने खराब झालेल्या सर्वांत वरच्या मजल्याच्या छताची दुरुस्ती संस्थेकडे आहे, तर न्हाणीघर, संडास आणि सिंक यांतली आतली गळती त्या त्या सभासदाकडे. महाराष्ट्रातल्या संस्थांच्या सभांमध्ये किती संध्याकाळी या एका भेदावर खर्च झाल्या असतील!

कोबा जड असतो. साडेचार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या वर जाते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे वीस टनांच्या आसपास. इमारतीच्या मूळ आराखड्यात एका थराचा भार धरलेला असतो. पण दहा वर्षांची हमी संपली, गच्ची पुन्हा गळू लागली, की जुना कोबा फोडायचा खर्च आणि राडारोडा वाचवण्यासाठी त्यावरच दुसरा घातला जातो. काही जुन्या गच्च्यांवर कठडा गुडघ्याइतका उरला आहे, कारण खालून जमीन वर आली आहे. किल्लारीच्या माळवदांवर जे झाले तेच इथे सिमेंटमध्ये चालू आहे. नूतनीकरणाच्या कामात जुना थर स्लॅबपर्यंत काढलाच पाहिजे, यावर जाणता अभियंता तडजोड करत नाही, आणि करूही नये.

मुंबईच्या गळतीत कायद्याचाही वाटा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्याने फार मोठा आधार दिला, हे खरेच. पण शाकारणीचा पैसा कुठून यायचा, याचे उत्तर त्यात नव्हते. मालकांनी दुरुस्ती सोडली. पाणी मुरत राहिले. लाकडी तुळया कुजल्या, आणि काँक्रीटच्या इमारतींत सळ्या गंजल्या. ताजे काँक्रीट इतके अल्कधर्मी असते की त्यातल्या पोलादाला गंज चढत नाही. पाणी, हवा आणि समुद्राचे मीठ आत शिरले की हे संरक्षण जाते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे सुटून तांबड्या सळ्या दिसतात ते त्यामुळे. पावसाळ्यात घरे कोसळू लागली तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा झाला, जुन्या इमारतींवर उपकर बसला, आणि पुढे हे काम म्हाडाच्या मंडळाकडे गेले. दर उन्हाळ्यात हे मंडळ धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ज्या महिन्यात कोकणात शाकारणी व्हायची, त्याच महिन्यात मुंबईत घर रिकामे करण्याच्या नोटिसा लागतात.

गिलाव्याची किंमत काय असते हे पाहायचे तर जुने गोवे गाठावे. बॉम जेझू बॅसिलिकाचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते पूर्ण होऊन तिचा अभिषेक झाला. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तिथे आहेत. भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवेत ठेवला की कठीण होतो, पण तो सच्छिद्रच राहतो. लोहाच्या जाळीत अडकलेली माती पावसाने धुपत जाते आणि दगडाला भोके पडतात. म्हणून गोव्यात जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याचे हात देण्याची रीत होती. हा चुना शिंपल्यांचा. गोव्यातली पांढरी चर्चे पांढरी आहेत ती याच कारणाने. ही बॅसिलिकाही साडेतीनशे वर्षे गिलाव्याखाली सुखरूप होती. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो गिलावा खरवडून काढला गेला. इमारत जुनी, दगडी, भारदस्त दिसावी ही कल्पना. दिसलीही. आज गोव्याच्या जवळपास प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत तिचा तांबडा-काळसर चेहरा असतो, आणि पाहणाऱ्याला तोच तिचा मूळ चेहरा वाटतो. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातल्या चर्चना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात तीही आहे.

पण पाऊस थांबला नाही. सत्तरहून अधिक पावसाळे त्या उघड्या जांभ्यावर कोसळले. दगड खवलेला आहे, कडा गळून गेल्या आहेत. गिलावा पुन्हा द्यावा अशी जाहीर मागणी खुद्द चर्चच्या बाजूनेच गेल्या काही वर्षांत झाली. त्याला विरोधही झाला, कारण लोकांना हाच चेहरा सवयीचा झाला आहे. इथे बाजू घ्यायलाच हवी. गिलावा हा त्या इमारतीचा भाग होता, वरचा रंग नव्हता. तो काढला त्या दिवशी बॅसिलिकेचे छत्रच काढले गेले. तो परत द्यावा, आणि चुन्याचाच द्यावा. सिमेंटचा गिलावा जांभ्याहून कडक आणि बंद असतो. त्यामागे शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही आणि दगड आतून झिजतो. चुना पाणी थोडे घेतो आणि ऊन पडले की सोडून देतो. दर काही वर्षांनी त्याला हात द्यावा लागतो, तो द्यायचा.

मुंबईत आता डांबरी पापुद्रे, पॉलिमरचे लेप, काँक्रीटमध्ये स्फटिक वाढवून छिद्रे बुजवणारी रसायने असे पुष्कळ काही मिळते, आणि त्यांतले बरेच खरोखर उपयोगी आहे. पण कित्येक सोसायट्यांनी दुसरीच वाट धरली आहे. गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर उतरते पत्रे. कोबा खाली तसाच, आणि पाऊस त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वळचण मात्र बहुतेक वेळा तोकडी ठेवलेली असते, पत्र्याच्या टोकाला पन्हळ नसते, आणि पागोळ्या थेट खालच्या मजल्यांच्या भिंतींवर पडतात. हातभर पुढे काढलेला पत्रा आणि त्याखाली एक पन्हळ, एवढा खर्च पाच-सहा मजल्यांच्या बाहेरच्या गिलाव्याच्या दुरुस्तीपुढे अगदी किरकोळ आहे.

२०१६ च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचे आहेत. त्याआधीच्या १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात ही मुदत ३ वर्षांची होती. पाच वर्षे म्हणजे पाच पावसाळे, आणि वाईट कोबा तेवढ्यात नक्की बोलतो. म्हणून ताबा घेणाऱ्यांनी पहिल्या पावसाळ्याआधी, शक्यतो हिवाळ्यात, गच्चीत आळी बांधून पाणी भरायला लावावे, खालच्या घरांची छते दिवसागणिक तपासावीत, न्हाणीघरांत फरशी बसण्याआधी हेच करून घ्यावे, आणि जिथे ठिपका उमटेल तिथे तारीख टाकून फोटो काढून बिल्डरला लेखी कळवावे.